आतड्यातला मोडलेला सलोखा

विशी-तिशीतल्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला पळावे लागते. आव पडते, रक्त पडते. घरचे म्हणतात, मूळव्याध असेल. जवळचे डॉक्टर आमांश समजून गोळ्या देतात. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच सुरू होते. वजन उतरते, अंगातले रक्त कमी होते. असे काही महिने, कधी वर्षही निघून जाते. शेवटी कोणीतरी कोलोनोस्कोपी करायला सांगते आणि आजाराचे नाव कळते : अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज. या दोघांना मिळून इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी, म्हणतात. नाव कळल्यावर रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, हे कशामुळे झाले?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी वैद्यकशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे दोन दिशांना शोध घेतला. काहींनी जंतूला दोषी धरले, काहींनी शरीराच्या प्रतिकारसंस्थेला. आज हाती असलेला पुरावा तपासला तर दोघांपैकी एकट्यावर दोष ठेवता येत नाही. आतड्यातले जिवाणू आणि प्रतिकारसंस्था यांच्यात जन्मापासून जमत आलेला सलोखा मोडतो, तेव्हा हा आजार उभा राहतो. हे मत कशाच्या आधारावर बनले, त्यातून उपचार कुठवर आले आणि आपल्याकडे त्याला कोणते वेगळे कंगोरे आहेत, ते पाहू.

दोन आजार, एक कोडे

अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्याचा आजार आहे. तो गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर सरकतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची नेहमीची जागा. तो मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्या-तुकड्यांत दिसतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. म्हणून त्यात आतडे अरुंद होते किंवा भगंदर होते. ताणामुळे पोट बिघडवणारा आयबीएस हा विकार याहून पूर्ण वेगळा आहे. आयबीएसमध्ये अस्तराला जखमा होत नाहीत आणि शौचातून रक्त जात नाही.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये कोलायटिसचे वर्णन केले. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डाल्झील यांनी १९१३ मध्ये आतड्याच्या एका जुनाट दाहाची नोंद केली आणि गुरांना होणाऱ्या योनीज डिसीजशी त्याचे साम्य दाखवले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांचा निबंध १९३२ मध्ये आला आणि आजाराला क्रोन यांचे नाव चिकटले.

गुरांच्या त्या रोगाचा जिवाणू क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला. त्यामुळे माणसातही तोच दोषी असावा, हा संशय अनेक दशके टिकला. ऑस्ट्रेलियात क्रोन्सच्या दोनशेहून अधिक रुग्णांवर त्या जिवाणूविरुद्धच्या प्रतिजैविकांचा दोन वर्षे प्रयोग झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत टिकाऊ फायदा दिसला नाही. एक जंतू, एक रोग हे क्षय किंवा कॉलऱ्याचे गणित इथे जुळले नाही.

अस्तराच्या अलीकडे आणि पलीकडे

आजार समजायचा तर आधी निरोगी आतडे कसे चालते ते पाहावे लागते. इस्रायली शास्त्रज्ञांच्या २०१६ मधल्या अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिक. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या आत, प्रतिकारपेशींची मोठी फौज आहे. दोघांच्या मध्ये जे अस्तर आहे ते फक्त एका पेशीच्या जाडीचे, आणि चार-पाच दिवसांत नव्याने बनत राहणारे.

एवढ्या पातळ अस्तरावर शांतता टिकते, कारण तिच्यासाठी अनेक व्यवस्था एकाच वेळी राबत असतात. अस्तरातल्या काही पेशी सतत श्लेष्म सोडतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात आणि आतला थर जवळपास जिवाणूमुक्त राहतो. लहान आतड्यातल्या पानेथ पेशी जिवाणूंना आवर घालणारी प्रथिने स्रवतात. भिंतीतल्या पेशी रोज काही ग्रॅम आयजीए प्रतिपिंडे तयार करतात. ती जिवाणूंना वेढून अस्तरापासून दूर ठेवतात, पण दाह पेटवत नाहीत. या सगळ्यांवर नियामक टी पेशींची देखरेख असते. त्या इतर प्रतिकारपेशींना आवरतात आणि त्यासाठी इंटरल्यूकिन-१० सारखे शांतवणारे रेणू वापरतात.

जिवाणूही या शांततेत आपला वाटा उचलतात. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ आंबवून ते ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यातून येतो. जपानमध्ये केन्या होंडा यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांत दाखवले की क्लॉस्ट्रिडिया गटातले काही जिवाणू नियामक टी पेशींची संख्या वाढवतात. २०१३ मध्ये त्यांनी माणसाच्या विष्ठेतून अशा १७ जाती वेगळ्या काढल्या. जन्मापासून जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांची आतड्यातली प्रतिकारसंस्था अपुरीच वाढते. म्हणजे प्रतिकारसंस्थेला संयम शिकवण्यात जिवाणूंचा हात असतो.

शेजारच्या दोन शेतांमधला बांध खचला की कुरबुर सुरू होते, आणि कुरबुरीत बांध आणखी खचतो. अस्तराचे तसेच आहे. ते कमकुवत झाले की जिवाणू आत शिरतात, प्रतिकारसंस्था चवताळते, तिच्या माऱ्यात अस्तर आणखी फाटते आणि आणखी जिवाणू आत येतात. आयबीडी वर्षानुवर्षे धुमसत राहतो तो या चक्रामुळे.

जनुकांनी दिलेली साक्ष

२००१ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी क्रोन्सशी निगडित पहिले जनुक शोधले. एनओडी-२ हे त्याचे नाव. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे ओळखणे हे त्याचे काम. म्हणजे धोका वाढवणारे पहिलेच जनुक जिवाणूंना ओळखण्यात कमी पडणारे निघाले. त्यानंतर २००६ मध्ये इंटरल्यूकिन-२३ या दाहक रेणूच्या ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक सापडले आणि २००७ मध्ये पेशीत शिरलेल्या जिवाणूंची विल्हेवाट लावण्याशी संबंधित जनुक. आज आयबीडीशी जोडलेल्या जनुकीय जागांची संख्या दोनशेच्या पुढे आहे. त्यांतल्या अनेक जागा जिवाणू ओळखणे, त्यांना आवरणे किंवा त्यांच्याविरुद्धचा दाह थांबवणे याच कामांशी जोडलेल्या आहेत.

तरीही जनुके सगळे ठरवत नाहीत. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स झाला तर दुसऱ्याला तो होतोच असे नाही. निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा निरोगी राहतो. कोलायटिसमध्ये दोघांनाही आजार होण्याचे प्रमाण त्याहूनही कमी आहे.

दोघांचाही सहभाग लागतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा उंदरांनी दिला. १९९३ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी इंटरल्यूकिन-१० चे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांना आतड्याचा तीव्र दाह झाला. नंतर तसेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले, तेव्हा त्यांना दाह झाला नाही. प्रतिकारसंस्थेतला दोष तोच होता, पण भडकायला समोर जिवाणू नव्हते. २००९ मध्ये काही तान्ह्या मुलांत इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहकाचा जन्मजात दोष सापडला. आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतच त्यांच्या आतड्याला भयंकर दाह झाला होता. त्यांच्यापैकी एकाला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे करता आले. अर्थात असे एकाच जनुकाचे आजार विरळ असतात. बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडाथोडा भार असतो आणि त्यावर वातावरणाची भर पडते.

जिवाणूंवरचा आरोप किती टिकतो

माणसांतला एक जुना पुरावा बेल्जियममधून आला. क्रोन्सच्या शस्त्रक्रियेत रोगट भाग काढून आतडे जोडले की जोडाजवळ पुन्हा व्रण होतात. १९९१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवले की आतड्यातला मजकूर त्या जोडावरून जाऊच दिला नाही, तर व्रण होत नाहीत. १९९८ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. रुग्णाचाच आतड्यातला द्रव त्या विश्रांती घेतलेल्या भागात सोडला, आणि आठवड्याभरात दाहाच्या खुणा दिसू लागल्या. त्या द्रवात दाह पेटवणारे काहीतरी असते, हे यातून स्पष्ट झाले.

मग ते काय असते? आयबीडीच्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता घटलेली असते. ब्युटिरेट बनवणाऱ्या जाती कमी होतात, त्यांतली फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निटझी विशेष. २००८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना दिसले की क्रोन्सच्या ज्या रुग्णांत ही जात कमी होती त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचे प्रमाण अधिक होते. उलट अस्तराला चिकटून पेशीत शिरणाऱ्या ई. कोलायच्या काही जाती क्रोन्समध्ये वाढलेल्या आढळतात. २०१४ मध्ये नव्यानेच निदान झालेल्या, औषध सुरू न झालेल्या चारशेहून अधिक मुलांच्या अभ्यासातही जिवाणूंचा तोल बिघडलेला दिसला. त्यामुळे हा बिघाड केवळ औषधांनी होतो, ही शंका मागे पडली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पाने १३२ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. आजार भडकलेला असताना जिवाणूंची रचना, त्यांनी बनवलेले रेणू आणि रुग्णाच्या प्रतिकारपेशी या तिन्हींत बदल होतात, हे त्यात नोंदले गेले.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळायला हवा. दाह स्वतःही जिवाणूंची वस्ती बदलतो. मोठ्या आतड्यात एरवी ऑक्सिजन नसतो. दाह झाला की ऑक्सिजन आणि नायट्रेट वाढते, आणि ई. कोलायच्या कुळाला ते मानवते. ऑक्सिजन न सोसणाऱ्या उपयोगी जाती मागे पडतात. म्हणून बिघडलेली वस्ती कारण असू शकते आणि परिणामही. बहुतेक रुग्णांत ती दोन्ही असते, असेच माझे मत आहे. विष्ठेतल्या जिवाणूंची यादी देणाऱ्या खासगी तपासण्या सध्या जोरात विकल्या जातात. त्या यादीवरून आयबीडीचे निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत.

दाबणाऱ्या औषधांचे धडे

स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्त्झ यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि १९४० च्या दशकात सल्फासालाझिन हे औषध पुढे आणले. ते मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणूच त्याचे दोन तुकडे करतात, आणि त्यातला एक तुकडा अस्तरावर काम करतो. म्हणजे आयबीडीच्या पहिल्या यशस्वी औषधाला जिवाणूंची मदत लागली. आजचे मेसालामाइन म्हणजे तोच उपयोगी तुकडा. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनची नियंत्रित चाचणी केली आणि तीव्र कोलायटिसमध्ये स्टेरॉइड जीव वाचवते हे सिद्ध झाले. पण स्टेरॉइड दीर्घकाळ चालवता येत नाही. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, संसर्ग होतात.

मग नेम अधिक अचूक झाला. १९९८ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. ते टीएनएफ या एकाच दाहक रेणूला पकडते. २०१४ मध्ये आलेले व्हेडोलिझुमॅब प्रतिकारपेशींना आतड्यात शिरण्यापासून अडवते, बाकी शरीरावर त्याचा परिणाम कमी होतो. इंटरल्यूकिन-१२ आणि २३ रोखणारी औषधे आली, जेएके ही प्रथिने रोखणाऱ्या गोळ्या आल्या. अनेकांचे आयुष्य त्यांनी पूर्ववत केले. तरीही बहुतेक चाचण्यांमध्ये एका औषधाने आजार पूर्ण शांत होणारे रुग्ण निम्म्याहून कमी असतात, आणि त्यांतल्या काहींवर कालांतराने औषधाचा प्रभाव ओसरतो.

एका अपयशाने सर्वांत मोठा धडा दिला. इंटरल्यूकिन-१७ हा रेणू क्रोन्सग्रस्त आतड्यात वाढलेला असतो. तो रोखला तर फायदा होईल असे वाटत होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेक्युकिनुमॅबमुळे फायदा तर झालाच नाही, उलट आजार बळावण्याकडे कल दिसला. पुढे उलगडले की हा रेणू अस्तर शाबूत ठेवायलाही मदत करतो. म्हणून या आजारात प्रतिकारशक्ती सरसकट जास्त झाली आहे असे म्हणणे चूक, आणि ती कमी झाली आहे असे समजणेही चूक. तिचा एक भाग अतिरेक करतो, दुसरा भाग राखण करण्यात कमी पडतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काढ्या-चूर्णांना या आजारात जागा नाही, ती याच कारणाने.

जिवाणू बदलून पाहताना

निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार कोलायटिसमध्ये काळजीपूर्वक तपासला गेला आहे. २०१५ मध्ये कॅनडातल्या चाचणीत उपचार घेतलेल्यांपैकी २४ टक्क्यांचा आजार शांत झाला, तुलनेच्या गटात ५ टक्क्यांचा. लक्षणीय बाब अशी की बरे झालेल्या नऊ जणांपैकी सात जणांना एकाच दात्याचे जिवाणू मिळाले होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या नंतरच्या दोन चाचण्या पुन्हा अनुकूल आल्या. म्हणजे उपचारात दम आहे, पण दाता कोण, तयारी कशी, किती वेळा, यावर सगळे अवलंबून आहे. तो निर्धोकही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू या मार्गाने शरीरात गेल्याने एका दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णाचा मृत्यू झाला. त्यानंतर दात्यांची तपासणी कडक झाली.

याबाबतीत दिल्लीच्या एम्समधले काम महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सौम्य ते मध्यम कोलायटिसचे ६६ रुग्ण होते. एका गटाला ग्रामीण भागातल्या निरोगी दात्यांचे जिवाणू आणि दाह कमी करणारा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीची औषधे वाढवून दिली. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात ६० टक्क्यांचा आजार शांत झाला, दुसऱ्यात सुमारे ३२ टक्क्यांचा. नवे जिवाणू रुजवायचे तर त्यांना पोसणारे अन्नही द्यावे लागते, हा विचार त्यामागे होता.

आहाराचा सर्वांत भक्कम पुरावा मुलांच्या क्रोन्समध्ये आहे. सहा ते आठ आठवडे फक्त द्रव पोषण दिले तर बहुसंख्य मुलांत स्टेरॉइडशिवाय दाह उतरतो. उंदरांवरच्या २०१५ मधल्या प्रयोगात पाकीटबंद पदार्थांतल्या काही इमल्सिफायरांनी श्लेष्माचा थर पातळ केला आणि जिवाणू अस्तराच्या जवळ आले. भारतासह अनेक देशांतल्या लोकांच्या पाहणीत अतिप्रक्रियायुक्त अन्न जास्त खाणाऱ्यांत आयबीडी अधिक आढळला. प्रोबायोटिकांपैकी ई. कोलायच्या निस्ले या निरुपद्रवी वाणाला आणि एका विशिष्ट मिश्रणाला कोलायटिसमध्ये आधार आहे, क्रोन्समध्ये प्रोबायोटिकांना ठोस आधार नाही. हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल घरोघरी बोलले जाते. मेसालामाइनच्या जोडीने रोज ३ ग्रॅम दिल्यावर एका चाचणीत फायदा दिसला, एम्समध्ये ४५० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिसला नाही. आमटीतली हळद ही त्या मात्रेच्या जवळपासही जात नाही.

आपल्याकडचे चित्र

हा पाश्चात्त्यांचा आजार, ही समजूत २००३ मध्येच खोटी ठरली. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर पाहणी केली, तेव्हा दर लाख लोकांमागे ४४ जणांना कोलायटिस आढळला. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात दिसले की तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत कोलायटिस युरोपीय वंशाच्या रहिवाशांहून अधिक आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या मुलांमध्येही आयबीडी इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. वंश तोच राहिला, अन्न आणि वातावरण बदलले, आणि आजार वाढला. पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलेल्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात घ्यायला हवे.

जनुकांचे चित्रही आपल्याकडे वेगळे आहे. युरोपात गाजलेले एनओडी-२ चे बदल भारतीय रुग्णांत क्वचित सापडतात. मात्र आयबीडीत दिल्या जाणाऱ्या ॲझाथायोप्रिन या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घसरवणारा एनयूडीटी-१५ या जनुकातला बदल भारतीयांसह आशियाई लोकांत युरोपीयांहून बराच अधिक आहे. औषध सुरू करण्यापूर्वी त्याची चाचणी करणे शहाणपणाचे.

सर्वांत अवघड प्रश्न क्षयाचा. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही गोंधळतात. दोन्हींत गाठी, दोन्हींत व्रण, दोन्हींत आतडे अरुंद. क्षय समजून क्रोन्सला क्षयाची औषधे दिली तर महिने वाया जातात. क्रोन्स समजून क्षयाला प्रतिकारसंस्था दाबणारे औषध दिले तर क्षय शरीरभर पसरतो. शिवाय टीएनएफ हा रेणू क्षयाच्या जिवाणूंना गाठीत कोंडून ठेवतो. तो रोखला की दडलेला क्षय जागा होतो. म्हणूनच महाराष्ट्रात इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची पूर्ण तपासणी हा सोपस्कार मानून चालत नाही. प्रतिकारसंस्था आणि जिवाणू यांना वेगळे पाडता येत नाही, हे आपल्या देशात याहून ठळकपणे दिसत नाही.

आजचा निष्कर्ष

आयबीडी ना संसर्ग आहे, ना केवळ प्रतिकारसंस्थेचे बंड. जनुकांनी कमकुवत केलेले अस्तर किंवा सैल पडलेला संयम, अन्नाने आणि प्रतिजैविकांनी बदललेली जिवाणूंची वस्ती, आणि दोघांना एकमेकांविरुद्ध भडकवत ठेवणारा दाह, असा हा आजार आहे. दाह दाबणारी औषधे आज सिद्ध आहेत, म्हणून तीच पाया राहतील. पण एका बाजूचा दाब वाढवत नेण्याची मर्यादा दिसू लागली आहे. पुढची मोठी मजल अस्तर भरून काढणे, योग्य जिवाणू रुजवणे आणि दाह आवरणे ही तिन्ही कामे एकत्र करण्यातून मारता येईल, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी आपल्या माणसांचे, आपल्या अन्नाचे आणि आपल्या जिवाणूंचे संशोधन आपणच करायला हवे. एम्स आणि लुधियानाने रस्ता दाखवला आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यावर चालावे.

वाचकांना विनंती एवढीच. शौचातून रक्त दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ जात असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागत असेल, वजन उतरत असेल, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची साधी चाचणी आतड्यात दाह आहे की नाही हे सांगते, पुढचे काम पोटविकारतज्ज्ञांचे. निदान झाले असेल तर बरे वाटले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बाहेर शांत दिसणारा दाह आत चालू राहू शकतो, आणि वर्षानुवर्षे चाललेला दाह मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. वेळेत निदान आणि नियमित उपचार मिळाले तर आयबीडीचे बहुतेक रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, मुले वाढवतात.